सुट्टे पैसे आणि एल्डर

रविवार

सॉल्ट लेक सिटीच्या थांब्यावर सवयीप्रमाणे तासभर आधी पोचलो. तीस वर्षं एसटीत वाहक होतो. मुलगी म्हणते, "बाबा, गाडी कुठवर आली ते फोनवर दिसतं." दिसत असेल. गाडी स्वतः फलाटाला लागेपर्यंत मला चैन पडत नाही.

मुलगी ब्यूटला असते. बूट नाही, ब्यूट. मोन्टाना राज्यातलं तांब्याच्या खाणींचं जुनं गाव. ती तिथे कॉलेजात शिकवते. सॉल्ट लेकला मावसभाऊ आहे, त्याच्याकडे चार दिवस राहून आता तिच्याकडे निघालो होतो.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार-रविवार म्हणजे इथल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं मोठं अधिवेशन. एकवीस हजार माणसं बसतील असं सभागृह त्यांनी बांधलंय, आणि सगळं शहर इस्त्रीच्या कपड्यांत फिरत होतं. १८४७च्या जुलैत ही मंडळी बैलगाड्या घेऊन या ओसाड खोऱ्यात उतरली. त्यांचं देऊळ बांधायला चाळीस वर्षं लागली, १८५३ ते १८९३. सध्या डागडुजीसाठी बंद आहे, त्यामुळे मी फक्त परांच्या पाहिल्या.

निघताना भाऊ म्हणाला, "तिकडे यांची मिशनरी पोरं दार वाजवायला येतील. पांढरा शर्ट, काळा बिल्ला. जोडीनं फिरतात. गोड बोलून बाटवतील तुला."

मी नगरचा. आमच्याकडे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून. रेव्हरंड टिळकांचे अभंग माझ्या आईला पाठ होते, आणि ती दर एकादशीला विठ्ठलाच्या देवळातही जायची. मिशनरी या शब्दानं मी दचकत नाही, पण खिसा मात्र तपासतो.

गाडी आय-१५ महामार्गाला लागली. सुमारे पावणेसातशे किलोमीटर. आयडाहो राज्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंना बटाटाच बटाटा. काढणी ऐन भरात होती. या भागातल्या शाळांना काढणीसाठी सुट्टी देतात. मिसरूड न फुटलेली पोरं ट्रक हाकताना दिसली. बटाटा साठवायला मातीनं झाकलेली लांबलचक कोठारं असतात, त्यांना सेलर म्हणतात. लांबून एखाद्या भल्यामोठ्या थडग्यासारखी दिसतात. ब्लॅकफूट गावात बटाट्याचं म्युझियम आहे असं बोर्डावर वाचलं. गाडी थांबली नाही, नाहीतर मी पाहिलंच असतं.

मोनिडा नावाची खिंड ओलांडली, मोन्टाना आणि आयडाहो जोडून केलेलं नाव. उंची सुमारे ६,८०० फूट. थंडी काचेतून आत आली. ब्यूटला उतरलो तेव्हा डोंगरावर खाणींचे जुने लोखंडी मनोरे लाल दिव्यांनी उजळले होते. मुलगी म्हणाली, "बाबा, यांना इथे गॅलोज फ्रेम म्हणतात. फाशीचा सांगाडा." पोचल्या पोचल्या हेच ऐकायचं होतं.

सोमवार

मुलीचं धुण्याचं यंत्र बंद. ती कॉलेजला गेली, मी कपड्यांची पिशवी आणि चहाचा थर्मास घेऊन नाक्यावरच्या धुलाई केंद्रात. तिथली यंत्रं पाव डॉलरच्या नाण्यांवर चालतात. त्या नाण्याला क्वार्टर म्हणतात. आमच्याकडे क्वार्टर म्हटलं की वेगळंच काही डोळ्यांपुढे येतं, त्यामुळे बाई जेव्हा "कुणाकडे दोन क्वार्टर आहेत का?" असं ओरडली तेव्हा मी जरा चमकलोच.

तिशीतली बाई, दोन मुलं, मोठा सहा-सात वर्षांचा. कपडे धुऊन झाले होते, वाळवायला नाणी संपली. बाहेर तापमान शून्याच्या आसपास. ओल्या कपड्यांचा बोळा हातात धरून ती यंत्राकडे अशी बघत होती, जशी बाई शेवटची गाडी गेल्यावर रिकाम्या फलाटाकडे बघते.

मी पाकिटात हात घालेपर्यंत कोपऱ्यातला एक मुलगा उठला. जीन्स, टोपी, वय वीसच्या आत. खिशातून नाण्यांची छोटी थैली काढली आणि तिच्या यंत्रात एकेक करून टाकत गेला. आठ टाकली. मी मोजली, मोजणं सुटत नाही. मग खाली बसून पोराला त्याचं नाव विचारलं आणि हातातल्या प्लास्टिकच्या डायनॉसोरचंही. पोरानं दोन्ही सांगितली. बाई आपणहून बोलायला लागली: महिन्याभरापासून गाडीत झोपतात, दिवसा शाळा, संध्याकाळी वाचनालय, तिथे ऊब असते.

"जेवणाचं?" त्यानं विचारलं.

"त्यासाठी मला काय व्हावं लागेल?" तिनं तिरकस विचारलं. टोपीखालचा मॉर्मन मिशनऱ्याचा चेहरा तिनं ओळखला होता. गावात सगळेच ओळखतात.

"काही नाही. भूक लागलेली असली की पुरे."

त्यानं बाहेर जाऊन फोन लावला. यांचा बिशप म्हणजे झगा घातलेला कुणी नसतो, हे मला नंतर कळलं. बिनपगारी माणूस, दिवसा आपला धंदा करतो. इथला नळजोडणीची कामं करतो. महिन्यातून एकदा हे लोक दोन वेळचं जेवण सोडतात आणि वाचलेले पैसे बिशपकडे देतात. त्यातून असा शिधा जातो. आमच्या एकादशीला दुप्पट खाशी असते, हे मी त्याला सांगितलं नाही.

तासाभरानं बाई निघाली तेव्हा संध्याकाळच्या शिध्याचा पत्ता तिच्या हातात होता. आणि हो, एक कार्डही. येशूचं चित्र, पाठीमागे फोन नंबर. कार्ड दिलंच त्यानं. मी मनात नोंद केली.

मग मी त्याला चहा पुढे केला. आलं घालून, दूध आटवून, थर्मासच्या झाकणात. तो लाजून म्हणाला, "सर, आम्ही घेत नाही."

मला ते लागलं. आमच्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं. शिवाय एकेकाळी आमच्या भागात कुणाच्या हातचा चहा कोण घेत नाही याचे हिशेब असत, वेगळ्या कपबशा असत. तोंड कडू झालं. त्यानं ते ओळखलं असावं. समजावून सांगितलं की १८३३ सालच्या शिकवणीप्रमाणे त्यांच्यात दारू, तंबाखू, चहा, कॉफी वर्ज्य आहे. "वास फार चांगला आहे," असं म्हणून त्यानं झाकण नाकाशी धरलं, डोळे मिटून वास घेतला आणि परत दिलं. यावर काय बोलणार?

सोमवार त्यांचा सुट्टीचा दिवस: कपडे, बाजार, घरच्यांना फोन. जोडीदार शेजारीच बसून मोजे जुळवत होता, टोंगा बेटांच्या वंशाचा धिप्पाड, अबोल मुलगा. दोघांनी एकमेकांना सोडून जायचं नाही, असा नियम. आपापसात पहिलं नाव वापरत नाहीत, सगळेच एल्डर. एल्डर म्हणजे वडीलधारा. एकोणीस वर्षांचा वडीलधारा!

"तू मॉर्मन ना?" मी विचारलं. तो म्हणाला, २०१८ साली त्यांच्या तेव्हाच्या प्रमुखांनी सांगितलं की तो शब्द नको, चर्चचं पूर्ण नाव घ्या. पूर्ण नाव त्यानं घेतलं. त्यात बराच वेळ गेला.

कुठला, असं विचारल्यावर म्हणाला, आयडाहो, ब्लॅकफूटच्या अलीकडे, बटाट्याची शेती.

"काल त्याच रस्त्यानं आलो मी."

त्याच्या हातातली घडी अर्धवट राहिली. "बटाटे काढायचे डिगर चालू होते? ट्रक भरून जात होते की रिकामे?"

गाडीनं तीन-चार तासांवर घर. दोन वर्षं जायचं नाही. चौदा महिने झाले होते.

मंगळवार

वारा. मुलीनं बर्कली पिट दाखवली. १९५५ ते १९८२ या काळात खणलेला खड्डा, १,७८० फूट खोल, लांबी मैलभर. खाण बंद झाली, पाणी उपसणारे पंप थांबवले, आणि खड्डा आम्लाच्या पाण्यानं भरत गेला. १९९५मध्ये स्थलांतर करणारे पांढरे हंस थकून या पाण्यावर उतरले. ३४२ हंस मेलेले सापडले. आता पक्षी बसू नयेत म्हणून आवाज करून त्यांना हाकलतात.

पाण्याचा रंग सांगता येत नाही. दालचिनीच्या काढ्यासारखा म्हणा.

दिवसभर मी त्या हंसांचाच विचार करत होतो, बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

बुधवार

सकाळी दारावर टकटक. दोघं एल्डर, जुने कपडे, हातात कुऱ्हाड. मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, दोन दिवसांत?"

एका म्हाताऱ्याकडे लाकडं फोडायला निघाले होते. सोमवारी मी बोलता बोलता म्हटलं होतं की गावी लाकूड मीच फोडतो. ते त्यानं लक्षात ठेवलं होतं. गेलो.

म्हातारा ऐंशीच्या पुढचा, आयरिश घराण्यातला कॅथलिक. भिंतीवर पोपचा फोटो. नाकात प्राणवायूची नळी. जमिनीखाली वीस वर्षं, मग पिटमध्ये. खडकाची धूळ छातीत बसली. दार उघडल्याबरोबर त्यानं पोरांना एक सणसणीत शिवी हासडली आणि म्हणाला, "देवाचं नाव काढलंत तर कुऱ्हाड मी घेईन." मुलगा म्हणाला, "माहितीये सर, गेल्या बुधवारीही तेच ठरलं होतं."

दोन तास लाकडं फोडली. माझी कुऱ्हाड टोंगावाल्यापेक्षा कमी चालली, पण आयडाहोवाल्यापेक्षा बरी, हे इथे नमूद करतो. म्हाताऱ्यानं तिघांसाठी कॉफी केली. दरवेळी करतो, ते पीत नाहीत हे ठाऊक असून. त्या दिवशी तिन्ही कप मी प्यायलो. रात्री झोप नाही.

म्हाताऱ्याचा बाप आणि आजाही खाणीत. ८ जून १९१७ला ग्रॅनाइट माउंटन आणि स्पेक्युलेटर खाणींत आग लागली. १६८ माणसं गेली. बरीच धुरानं गुदमरून, काहींनी अंधारात बसून बायकांना चिठ्ठ्या लिहिल्या. आजा त्या दिवशी कामावर उशिरा गेला म्हणून वाचला. "दारू प्याला होता," म्हातारा म्हणाला. "तुमचा धर्म पाळला असता तर मी जन्मालाच आलो नसतो."

मुलगा इतका हसला की त्याला कुऱ्हाड खाली ठेवावी लागली.

निघताना म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं. "पुढच्या बुधवारी?"

इथे मुलगा गप्प झाला. साधारण दर सहा आठवड्यांनी यांच्या बदल्यांची यादी येते. सोमवारपर्यंत कळणार होतं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं माहीत नव्हतं."

रस्त्यात मी विचारलं, "चौदा महिन्यांत तुझ्या हातून किती जणांनी धर्म घेतला?"

"दोन. त्यातला एक आता येत नाही."

"वर विचारतात?"

"दर आठवड्याला आकडे जातात."

म्हणजे त्यांच्याकडेही भारमान, गाडी किती भरली त्याचा आकडा, विचारतात तर. एसटीत मी दुर्गम खेड्याची मुक्कामी गाडी सात वर्षं केली. भारमान कधीच बसायचं नाही. आगारात बोलणी खायचो. पण त्या गाडीनं बाळंतिणी आणल्या, दहावीची पोरं परीक्षेला नेली. ते वेबिलावर, म्हणजे वाहकाच्या हिशेबाच्या कागदावर, कुठल्या रकान्यात लिहिणार? हे सगळं मी त्याला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. भारमान त्याला लगेच कळलं, मुक्कामी गाडी समजवायला दोन चौक लागले.

या कामाचा पगार नाही. उलट अमेरिकेतल्या घरांनी महिन्याला ५०० डॉलर स्वतः भरायचे. त्यानं शाळेपासून काढणीत ट्रक चालवून साठवले होते. बाप गेला होता मिशनवर, आजाही. आमच्याकडे घराण्यात वारी असते तसं. त्याला हवं होतं का, असं मी विचारलं. "अर्धं हवं होतं," तो म्हणाला. "उरलेलं अर्धं इथे आल्यावर थोडं थोडं येतं. कधी जातंही."

गुरुवार

दुपारी पेस्टी खाल्ली. कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी आणलेला पदार्थ: मैद्याच्या पारीत मांस-बटाटा, तळहाताएवढी तिखटाची करंजी समजा, फक्त तिखट नाही. खाणीत डब्यातून नेत. तिला ते 'घरचं पत्र' म्हणायचे.

संध्याकाळी मी बस थांब्यावर गेलो. का, ते मुलीला पटवता आलं नाही. परगावी गेलं की मी स्टँड बघून येतो. लोक देवळं बघतात.

तिथे बाकावर दोन्ही एल्डर, आता पांढऱ्या शर्टात आणि टायमध्ये, आणि मधे एक माणूस. चाळिशीचा, पातळ जाकीट, सगळं सामान एका पारदर्शक पिशवीत. इथून साठेक किलोमीटरवर डीअर लॉजला राज्याचा तुरुंग आहे. तिथून सुटलेला. रात्रीची गाडी उशिरा येणार होती. मुलाच्या फोनवरून तो बहिणीला लावत होता. घंटा वाजून बंद व्हायची. सहाव्यांदा लावला तेव्हा बहिणीनं उचलला, आवाज ओळखला आणि ठेवला.

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. मला वाटलं, आता पोरगा पुस्तक काढेल, देवाचं काहीतरी म्हणेल. त्यानं तोंड उघडलं आणि विचारलं, "तुम्हाला पेस्टी आवडते?" आणि कागदात गुंडाळलेली आपली अर्धी पेस्टी दिली. माणसानं ती खाल्ली. खाताना त्याच्या खांद्यांना हिसके बसत होते. टोंगावाला हळूच, जवळजवळ ऐकू येणार नाही असं, कसलंसं गाणं गुणगुणायला लागला.

नऊ वाजत आले. यांना रात्री ठरल्या वेळी खोलीवर असावं लागतं. जोडीदारानं घड्याळ दाखवलं. मुलगा उठला, बसला, परत उठला. हातमोजे काढून त्या माणसाच्या मांडीवर ठेवले आणि गेला. पंचवीस पावलांवर जाऊन वळून बघितलं.

मी थांबलो. मला कुठला नियम? गाडी दहा चाळीसला आली. त्याला खिडकीची जागा मिळाली की नाही ते बघितलं आणि सवयीनं गाडीच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली, डबल बेल. चालकानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

शुक्रवार

सकाळी मुलाला सांगितलं: तो माणूस बसला, खिडकी मिळाली, हातमोजे घातले होते. त्यानं खिशातली छोटी वही काढून लिहून घेतलं. वहीत नावं होती. बाई, दोन मुलं, डायनॉसोरचंही नाव. म्हातारा: कॉफी तीन कप. आणि खाली, चुकीच्या स्पेलिंगनं, 'बाबा': धुलाई केंद्र. चहा. बायको दोन वर्षांपूर्वी गेली.

हे मी त्याला सांगितलं होतं? सांगितलं असणार, लाकडं फोडताना. म्हणजे चार दिवस मी त्याची गिऱ्हाइकं मोजत होतो, आणि त्याच यादीत मी पाचवा. राग आला, आणि मग तो कुठे ठेवायचा ते कळेना.

"माझ्यासाठी काय करणार होतास?" मी विचारलं.

"ते ठरवत होतो. तोवर तुम्ही लाकडं फोडायला आलात."

जोडीदार जरा पुढे गेल्यावर (नजरेच्या टप्प्यात, नियमाप्रमाणे) तो म्हणाला, "उद्या त्याच रस्त्यानं जाणार ना? आयडाहो फॉल्स सोडल्यावर, ब्लॅकफूटच्या आधी, डाव्या हाताला दोन सेलर शेजारी शेजारी आहेत. एकाला पांढरं दार, एकाला निळं. दारं लागलेली असली म्हणजे भरलेत. तेवढं बघाल?"

"दर सोमवारी फोन करतोस की. विचार ना."

"आई म्हणते सगळं छान. बाबा येतात आणि हवामानाबद्दल बोलतात." तो थांबला. "माझे बाबा हवामानाबद्दल कधीच बोलत नाहीत. शिव्या घालतात त्याला."

पोस्टकार्ड पाठवीन म्हणालो.

शनिवार

मुलीनं डब्यात दशम्या दिल्या. चालकामागची डावी खिडकी धरली. मोनिडावर हिमाची पहिली भुरभूर. मग उतार, मग सपाटी. सहा दिवसांत शेतं खणून मोकळी झाली होती. काळी माती, मधून मधून राहिलेले बटाटे टिपणारे पक्षी. बहुतेक सेलरची दारं बंद, कडेनं माती लिंपलेली.

आयडाहो फॉल्स गेलं. मी चष्मा पुसून बसलो.

दिसले. पांढरं दार बंद होतं. निळं सताड उघडं. आत खोलवर ऊन गेलेलं, जमीन झाडून काढल्यासारखी कोरी. बाहेर ट्रक नाही, माणूस नाही. कुंपणाशी एक पाटी होती. तिच्यावरचं वाचेपर्यंत गाडी पुढे गेली. निदान मी तसं म्हणतोय.

पोकाटेलोला गाडी वीस मिनिटं थांबली. समोरच्या दुकानातून बटाट्याचं चित्र असलेलं कार्ड घेतलं, तिकीट लावलं. तीस वर्षांत माझ्या वेबिलात एक रुपयाची तफावत निघाली नाही. तपासनीस माझी पेटी उघडायचेसुद्धा नाहीत.

लिहिलं: पांढरं दार बंद आहे, गच्च भरलेलं असणार. निळं दार ट्रकच्या आड होतं, नीट दिसलं नाही. पक्षी पुष्कळ होते.

चालकानं हॉर्न दिला. कार्ड पेटीत टाकलं आणि पळत जाऊन गाडी पकडली.